मामींचा शोकप्रस्ताव

आमच्या नगरपालिकेवर निरपेक्ष प्रेम करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. बाकीच्यांचं प्रेम टेंडर निघेपर्यंत टिकतं. मामांना गावातला कुठलाही पत्ता विचारा, ते आधी त्या वॉर्डाची वंशावळ काढतात. "भाजीबाजार व्हय? तितं आधी तालमीचे वस्ताद निवडून आले, मग त्यांचा मेव्हणा, मग महिला आरक्षण पडलं तशी वस्तादांची सून." एकदा कर्जतला लग्नात, भर पंगतीत, नवरदेवाच्या आजोबांनी एकाच पंचवार्षिकात किती वेळा पक्ष बदलला ते त्यांनी मोजून सांगितलं. आजोबा समोरच जेवत होते. त्यांनी न रागावता एक वेळ मोजायची राहिल्याची आठवण करून दिली.

मामी एकदा नगरसेविका होत्या. बायकोनं निवडून यायचं आणि खुर्चीत नवऱ्यानं बसायचं, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. मामांनी ती मोडली. मामी सभागृहात नळाच्या पाण्यावरून भांडायच्या आणि मामा मागं प्रेक्षकांच्या बाकावर बसून कौतुकानं ऐकायचे. गावानं त्यांना वेड्यात काढलं, ते साहजिकच होतं.

पुढं मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. एकच साहेब ठराव मांडायचे, तेच मंजूर करायचे. गावाच्या इतिहासात एवढी एकी कधी दिसली नव्हती. नेमक्या त्याच काळात मामी गेल्या. माजी सदस्य वारला की पुढच्या सभेत शोकप्रस्ताव होतो, सगळे दोन मिनिटं उभे राहतात. पण आता सभाच नव्हती. मामा दर महिन्याला अर्ज घेऊन जायचे आणि कुलूपबंद सभागृहासमोर बसून परत यायचे. साहेबांनी दया येऊन आपल्या केबिनमध्ये एकट्यानं उभं राहायची तयारी दाखवली, तर मामा म्हणाले, "न्हाई साहेब. ती सभागृहाची मेंबर हुती. सभागृहच उभं ऱ्हायलं पायजे."

शेवटी एकदाची निवडणूक झाली. पहिल्या सभेला मी मामांबरोबर गेलो. नगराध्यक्षा नवीन होत्या; नियमात बसत नसले तरी त्यांचे पतिराज शेजारी ऐसपैस बसले होते. इतक्या वर्षांत गेलेल्यांची यादी भराभर वाचली गेली, त्यात मामींचंही नाव आलं. सगळे उभे राहिले. अर्ध्या मिनिटात पतिराजांनी हातानं खूण केली आणि सभागृह बसलं. बाई बसल्या, मीही बसलो. मामा उभेच.

"बसा की मामा," शिपाई कुजबुजला.

"दोन मिन्टं झाली न्हाईत अजून."

मला स्वतःची लाज वाटली आणि मी उठलो. बाई मामांकडे बघत होत्या. पतिराज त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होते. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत बाई उभ्या राहिल्या. मग नाइलाजानं सगळं सभागृह उठलं, सर्वांत शेवटी पतिराज. मामी गेल्या तेव्हाही न रडलेले मामा तिथं, उभ्या उभ्या, रडले.