घुमऱ्याची गोष्ट, जशी घडली तशी

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. अमरावतीत मला ओळखणारे हे वाचून हसतील — अरे, घुमऱ्याची ना? ती तर हा माणूस लग्नात सांगतो, बारशात सांगतो, एकदा तेरवीच्या पंगतीतही सांगून बसला होता. खरं आहे. हात नाचवत, डोळे फिरवत, नेमक्या जागी थांबून पाणी पीत सांगतो. पण ती वेगळी. तिच्या खाली दुसरी एक आहे — आणि ती लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठून बाहेर कोणी आलंय का बघून आलो. कोणी नाही. मग भितोय कोणाला?

आधी लोकांना ठाऊक असलेली सांगतो. अकोल्यातल्या एका शाळेत मी दर मे महिन्यात उन्हाळी शिबिरात हस्तकला शिकवायचो. तिथे ओम नावाचा पाच-सहा वर्षांचा एक पोरगा लपाछपी खेळताना सामानाच्या खोलीत शिरला, दार अडकलं, आणि आत टांगलेला माझा घुमऱ्याचा मुखवटा पाहून तो गुपचूप बसून राहिला. सगळे शोधतायत. शेवटी मी दार उघडतो आणि पोराला खांद्यावर घेऊन बाहेर येतो. इथे मी घुमऱ्याचा आवाज काढतो. लोक पोट धरून हसतात.

आता घुमऱ्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. शिबिरात पोरं सगळ्या वयाची — आणि मास्तर मी एकटा. मग एक युक्ती काढली. सकाळी छोटे यायचे. त्यांनी फक्त जुनी वर्तमानपत्रं फाडायची आणि बादलीत भिजवायची. मग मधले, त्यांनी तो लगदा मैद्याच्या खळीने उपड्या माठावर थापायचा. दुपारी मोठे, त्यांनी वाळलेले मुखवटे रंगवायचे. एकच वस्तू, तीन वयं. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली — माझी मीच.

पण छोटे सकाळीच घरी जायचे. मुखवटा तयार होताना त्यांनी कधी पाहिलाच नाही. घुमऱ्या नावाचा राक्षस आपणच फाडलेल्या कागदांचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आणि मी सांगितलं नाही. का सांगीन? एका सकाळी गोंगाट आवरेना, तेव्हा मी तो लाल-काळा मुखवटा घालून खोलीत शिरलो आणि खर्जात विचारलं, "कोन बोलून राह्यलं रे इथं?" एकदम चिडीचूप. काय सांगू, रंगमंचावरसुद्धा इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. मग तो मुखवटा सामानाच्या टिनाच्या खोलीत टांगला आणि पोरांना सांगून ठेवलं — घुमऱ्या तिथे राहतो, बोलणारी पोरं त्याला लागतात.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन होतं. पाहुणे यायचे होते, पालक यायचे होते. मोठ्या मुलींनी रंगीत कागदांचा एक मोर केला होता, माझ्याही उंचीचा. पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली तेव्हा ओम त्या मोराची शेपटी फाडून बादलीत भिजवत होता. अगदी मन लावून. कागद दिसला की फाडायचा, हे त्याला मीच शिकवलं होतं ना?

तो आपणहून त्या खोलीत शिरला नाही. मी त्याला दंडाला धरून नेलं, घुमऱ्यासमोर उभं केलं आणि बाहेरून कडी घातली. हे पहिल्यांदा लिहितोय.

नंतर शोधाशोध झाली. मी कडी काढली तेव्हा आत काहीच आवाज नव्हता. अकोल्याचा मे, डोक्यावर टिन. मग वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे काहीतरी हललं. तो जागा होता. घामाने निथळलेला, ओठ पांढरे. रडत नव्हता. घुमऱ्याला बोलणारी पोरं लागतात — म्हणून.

त्याची आई धावत आली. तिने त्याला छातीशी धरलं, पाणी पाजलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला. "काहून गेलता रे तू आत? कोनं सांगतलं होतं तुले?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागे उभा होतो. मी फक्त त्या खोलीच्या दाराकडे बघितलं, जिथून मुखवटा दिसत होता. एवढंच. घुमऱ्या व्हायला त्या क्षणी मला मुखवटा घालायची गरजच नव्हती.

"मीच गेलतो," ओम म्हणाला.

यंदा मूर्तिजापूरला एका लग्नात ओमची आई भेटली. मी नुकतीच घुमऱ्याची गोष्ट सांगून संपवली होती आणि सगळ्यात जास्त तीच हसली होती. मग माझ्या शेजारी येऊन बसली. "सर, तुमी होते म्हनून वाचला आमचा पोट्टा. पन सांगू काय, अजूनबी बाथरूमची कडी लावत नाही. आत गानं म्हनते मोठ्यानं, कोनी येऊ नाही म्हनून. इंजिनेरिंगले गेला तरी. होस्टेलातले पोरं हसतेत त्याले. मी म्हनतो, बापू, तूच तं गेलता ना आत, मंग कायचा भेव?"

ओम पलीकडच्या पंगतीत वाढत होता. मिशी फुटलेली, खांदे रुंद. माझ्या पानाशी आला, वाकला, जिलेबी वाढली. "अजून घ्या ना, सर." मी त्याच्या डोळ्यांत शोधत होतो — आठवतंय का याला? की आईचं ऐकून ऐकून खरंच वाटतंय, आपणच गेलो होतो म्हणून? कशाची जास्त भीती वाटली, ते आजही ठरवता येत नाही.

एक राहिलं. इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल, पाहुण्यांच्या गडबडीत हा पोराला विसरला. मीही तसंच लिहून थांबणार होतो.

मी विसरलो नव्हतो. पाहुणे त्या खोलीशेजारीच बसले होते, कूलर घरघरत होता, आणि दाराच्या सगळ्यात जवळ मी. कोणत्या वयाच्या पोरांना कसं हाताळायचं, ते मी रंगवून सांगत होतो आणि सगळे हसत होते. आतून दार वाजलं. आधी तळहाताने, मग मुठीने. मग त्याने हाक मारली. आई म्हणाला नाही. सर म्हणाला.

मला ऐकू आलं. मी आवाज चढवला.