नापास विद्यार्थिनीचं नाव

पडद्यावर माझ्या आईचं नाव आलं आणि अख्खा हॉल हसला.

चाकणजवळच्या एका विद्यापीठात मी परीक्षा विभागात ऑपरेटर आहे. कंत्राटी. आमची जुनी कॉम्प्युटर सिस्टीम ऐन निकालात मान टाकायची. नवी येणार म्हणून मला कोण आनंद! ट्रेनिंगला मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

नव्या सिस्टीममध्ये खरे निकाल भरण्याआधी खोटे विद्यार्थी घालून बघतात. त्यांची नावं आमचे उपकुलसचिव साहेब सांगत होते, कंपनीचा इंजिनियर टाइप करत होता. पहिला आला साहेबांचा मुलगा. डिस्टिंक्शन त्यांच्या भाचीला. मग नापास कोण? कॉपी करताना पकडलेली कोण? साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात आई पोछा घेऊन उभी होती, हॉल रिकामा व्हायची वाट बघत. ती तिथेच झाडलोट करते.

"शेवंता टाका," साहेब म्हणाले. "प्रवर्ग काय, माहीतच आहे."

सगळे हसले. रोज माझ्या डब्यातली चटणी मागून खाणारी सुनीतासुद्धा. आणि आईही हसली. साहेब हसतात म्हणून.

इंजिनियरने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, आता हिला फेरपरीक्षेला बसवा," साहेब म्हणाले. "आणि परत नापास करा."

 मी कीबोर्ड परत सरकवला.

"हे माझ्या आईचं नाव आहे. मी नापास टाकणार नाही."

"अहो, टेस्टिंग आहे. मनाला काय लावून घेता?"

"मग तुमच्या आईचं टाका."

या वेळी कुणी हसलं नाही. 

दुसऱ्या दिवशी मला तळघरात पाठवलं. जुनी सिस्टीम कायमची बंद होईपर्यंत तिच्यापाशी बसायचं. काम नाही. माणूस नाही. वर नव्या सिस्टीमवर सगळ्यांची लगबग, आणि खाली मी आणि ते घरघरणारं मशीन. डबा एकटीच खाते. सुनीता जिन्यात भेटली तर मोबाइल बघत निघून जाते. एकटं वाटतं. फार वाटतं. खोटं कशाला बोलू?

ट्रेनिंगच्या दिवशी आई आणि मी बसने घरी चिंचवडला आलो. उतरल्यावर आई म्हणाली, "माझं नाव कशाला घेतलं गं त्यांनी?"

तिला वाचता येत नाही. मी सगळं सांगितलं. पडद्यावर काय होतं, लोक कशाला हसले.

आई रस्त्यातच थांबली.

"साळंत त मी गेलेच नाही. मग नापास कशी झाले?"

 याचं उत्तर माझ्याकडे नाही, साहेबांकडे मागायचं होतं.

काल साहेबांचा निरोप आला. माफी मागा, वर घेतो. नाही तर कंत्राट संपलं समजा.

संपू दे. चाकणला कुठल्याही कंपनीत लाइनवर उभी राहीन. माफी मी मागणार नाही. माफी साहेबांनी मागायची. त्याच हॉलमध्ये, त्याच सगळ्यांसमोर. आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली असेल, आणि ते दारात उभे असतील.