डिझेल, बाळा, डिझेल

पंपावर गाडी लावली की मामा खाली उतरायचे, टाकीच्या झाकणावर बोटातल्या अंगठीनं दोनदा ठकठक करायचे आणि पंपावरच्या माणसाला सांगायचे, "डिझेल, बाळा. डिझेल." एवढ्यावर त्यांचं भागत नसे. "काय म्हनलो मी?" असं विचारून त्याच्या तोंडून डिझेल वदवून घेतल्याशिवाय ते झाकण उघडू देत नसत. समोरच्याच्या मिशा पिकलेल्या असल्या तरी पंपावर तो बाळच.

मामा औरंगाबादच्या सिडकोत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे, साऱ्या गल्लीचेच मामा. जन्मभर पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवत टूरिस्ट गाडी चालवली. पुढे धंदा सोडला, पण गाडी काही सोडली नाही. रोज सकाळी ती अंगणात चालू करून ठेवायची आणि आपण दात घासत तिच्याभोवती फिरायचं, हा त्यांचा नेम होता. तिचा धूर सरळ माझ्या गच्चीवर यायचा. आणि मी पडले पांढऱ्या चादरींची हौस असणारी बाई.

"मामा, चादर बघा माझी! काळी पडली!"

"चादर धुता येती ताई. इंजन आखडलं म्हंजे काय करावं मानसानं?"

"मग पेट्रोलची घ्या ना एखादी!"

"पेट्रोलची?" मामा तोंडातला फेस थुंकून म्हणायचे, "ती तर चोरावानी येती दारात. ही कशी, वळनावर आली की घरात कळायचं. मामी आधन ठेवायची. चपला काढस्तवर चहा हातात."

मामींना जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मी गुपचूप चादर पुन्हा भिजत घातली.

मामांची एकुलती एक लेक अमेरिकेत. "पप्पा, तिथं एकटे काय करता? इकडेच या कायमचे," हे तिचं पालुपद. "माझी गाडी हाय इथं," हे मामांचं उत्तर. शेवटी नातीला बघायला म्हणून सहा महिन्यांसाठी गेले. पोचल्यावर त्यांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा चेहरा असा, की मला वाटलं सामान हरवलं.

"ताई, इथं डिझेलची कारच दिसंना! ट्रक हायेत, पन घरची गाडी समदी पेट्रोलवर. अन् रस्ते बघा, नाकासमोर, दिवसभर चाला! डिझेलसाठीच केल्यावानी रस्ते, अन् पेट्रोल जाळत्यात येडे."

मागून लेक म्हणाली, "मावशी, इथं डिझेल पेट्रोलपेक्षा महाग आहे. सगळ्या पंपांवर मिळतही नाही. एका बड्या कंपनीनं धुराच्या तपासणीत लबाडी केली, तेव्हापासून लोकांचा विश्वास उडालाय."

"लबाडी कंपनीनं केली, डिझेलनं नाय!" मामा कडाडले. "अॅव्हरेज बघ की! इंजन किती वर्षं चालतं ते बघ!"

"आणि धूर कोणाच्या छातीत जातो, ते पण बघा," मी इकडून तेल ओतलं. मी अर्थातच लेकीच्या बाजूची.

रोज जेवताना हाच वाद. त्यातच घरात दुसरी गाडी घ्यायचं निघालं, आणि जावयानं, बिचारा शांततेसाठी काहीही करील असा माणूस, मामांच्या पसंतीची एक जुनी डिझेल कार आणली. मग लेकीनं पैज लावली. मामा परतायच्या आत गाडीनं एकदाही दगा दिला नाही, तर पप्पांनी खुशाल औरंगाबादेत राहावं, ती पुन्हा विषय काढणार नाही. दगा दिला, तर औरंगाबादची गाडी विकायची आणि तिकडेच राहायचं. मामांनी तिच्या हातावर टाळी दिली.

गाडी झकास चालली. मामा रोज मला अॅव्हरेज ऐकवायचे, आणि मी चादरींच्या काळजीनं कासावीस व्हायची.

परतायचे दिवस जवळ आले आणि एके दिवशी मामा एकटेच डिझेल भरायला गेले. एरवी जावई सोबत असायचा. आता गंमत बघा. ज्या माणसानं उभा जन्म डिझेलवर काढला, त्यानं पंपाचा पाइप कधी हातात धरलाच नव्हता. आपल्याकडे कोण धरतो? मामा उतरले, झाकणावर ठकठक केली, "डिझेल, बाळा" म्हणाले आणि वाट बघत उभे राहिले. कोणीच येईना; तिथं ज्याचं त्यानंच भरायचं. मग त्यांनी आपल्या नेहमीच्या पंपावर डिझेलचा असतो तसा काळा पाइप बघितला आणि टाकी भरून टाकली.

अमेरिकेत त्या पंपावर काळा पाइप पेट्रोलचा होता.

थोडं अंतर गेल्यावर गाडी ठोके देऊ लागली आणि गचके खात रस्त्याच्या कडेला गपगार झाली. पोहणाराच बुडतो म्हणतात, ते असं.

लेक आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "जाऊ द्या पप्पा, यात गाडीचा काय दोष? पैज रद्द."

मामा ऐकेनात. "शब्द म्हंजे शब्द."

मलाही आश्चर्य वाटलं. एवढा भांडकुदळ माणूस, आयती पळवाट मिळाली तरी घेईना! मी फोनवर तसं म्हटलं, तर त्यांनी नुसता फोन फिरवून समोर धरला. उंच खुर्चीत त्यांची नात बसली होती. तिनं दुधाच्या बाटलीवर चमच्यानं दोनदा ठकठक केलं आणि फर्मावलं, "दिजल!"

"दूध पायजे तिला," मामा म्हणाले. "अन् मी दिजल म्हनल्याबिगर बाटली उघडू देत नाय. आता सांगा ताई, येऊ कसा?"

मामा एकदा येऊन गाडी विकून गेले. वेरूळच्या एका ड्रायव्हरनं नेली ती. वळणावरून दिसेनाशी झाली, तरी मामा आवाज ऐकत फाटकात उभे होते. आवाज थांबला तेव्हा मी म्हटलं, "चला मामा, चहा टाकलाय." ते आले आणि दोन कप प्याले.

आता माझ्या चादरी कशा बगळ्यासारख्या असतात. इतकी वर्षं मला हेच हवं होतं ना? पण खरं सांगते, सकाळी गच्चीवर भांडायला कोणी नसलं की फार चुकल्यासारखं वाटतं.

परवा स्कूटर घेऊन पंपावर गेले. सीट उघडली, टाकीच्या झाकणावर माझ्या बांगड्यांची दोनदा ठकठक झाली.

"पेट्रोल, बाळा. पेट्रोल."

तो चांगला पन्नाशीचा बाप्या. म्हणाला, "स्कूटर हाय मॅडम. पेट्रोलच टाकनार ना!"

"ते झालं. पण काय म्हणाले मी?"