लोण्याआडचा हिमबिबट्या

भरलांचा, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्यांचा, कळप ज्या दिशेला माना वळवून थबकतो, तिकडे दुर्बीण लावायची. स्पितीच्या वरच्या अंगाला बर्फात बसून टोबगे वीस हिवाळे एवढंच करत आला होता. हिमबिबट्या शोधून सापडत नाही. तासन् तास समोर नुसता खडक असतो, मग त्या खडकाचाच एक तुकडा शेपूट हलवतो. वाट बघता बघता टोबगेची अशी तंद्री लागे की आपण खडकावर बसलोय की खडकच आपल्याला मांडीवर घेऊन बसलाय, हे त्याला कळेनासं होई. फोटो काढायला लांबून पाहुणे येत, कुडकुडत आणि चौथ्या दिवशी त्याच्यावरच डाफरत. तो मुकाट्याने सातूचा गोळा पुढे करी. पाहुण्यांना घाई, बिबट्याला नाही, आणि टोबगे बिबट्याच्या बाजूचा.

त्याच्या आईने, अमाने, मात्र बिबट्या कधी पाहिला नव्हता. जन्मभर त्याने तिची मेंढरं नेली, तिच्या वाट्याला आली ती फक्त हाडं. आता तिचे डोळे चालले होते. काझा गावातला डॉक्टर म्हणाला, ऑपरेशनने भागणारं नाही, उन्हाळ्यापर्यंत जेमतेम.

"मेल्याला एकदा बघू दे," अमा म्हणाली. "पन्नास वर्षं शिव्या घालतेय, तोंड नको माहीत असायला?"

तिला कड्यावर नेणं शक्यच नव्हतं. टोबगेने आपोआप फोटो काढणारा कॅमेरा तीन आठवड्यांच्या बोलीवर मागून आणला. बिबट्या ज्या खडकाला गाल घासतो तिथेच तो बांधायचा, म्हणजे चेहरा फोनभर येईल. निघताना अमाने, नव्या वस्तूला लावतात तसं, कॅमेऱ्याला बोटभर लोणी लावलं. चाचपडत लावलं, ते नेमकं काचेवर. दुसऱ्या कुणाचा असला गाढवपणा टोबगेने खपवून घेतला नसता. पण आईने लावलेलं शकुनाचं लोणी पुसायचं कसं? थंडीने गोठून गळून पडेल, अशी स्वतःची समजूत घालून तो तसाच वर गेला.

वीस दिवसांनी त्याने कार्ड फोनला लावलं. दोनशे फोटो कोल्ह्याच्या जिभेचे. चाटून चाटून पठ्ठ्याने लोणी काचभर फासलं होतं. पुढे सगळं धुकं. आणि त्या धुक्यात, एकाच फोटोत, बिबट्या. मोठं राखाडी डोकं, डोळ्यांच्या जागी दोन मऊ डाग. दुसऱ्या दिवशी कॅमेरा परत द्यायचा होता. टोबगेला स्वतःची भयंकर चीड आली.

"अमा, फोटो बिघडला," घरी येऊन त्याने सांगून टाकलं. "चूक माझी. काही दिसत नाही त्यात."

अमाने फोन नाकाजवळ धरला. शेगडीशी बसून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"चोर कुठला," ती लाडाने म्हणाली. "देखणा आहे की. बिघडलंय काय यात? चांगला दिसतोय."

"अगं, सगळं धूसर आहे."

"मग? तुझं तोंड तरी याहून कुठे स्पष्ट दिसतं मला?"

उन्हाळ्याला अजून पाच महिने आहेत, असं धरून टोबगे चालला होता. त्याने तिच्या हातातून फोन घेऊन बाजूला ठेवला, आणि फोन होता तितक्याच जवळ आपलं तोंड नेलं.