फेस मोजणारी हिल्ट्रुड

आमच्या चर्चच्या गायनवृंदात माझ्या शेजारी एकवीस वर्षं हिल्ट्रुड केम्पकेस उभी राहते. तिनं सगळी नोकरी क्रेफेल्ड शहराजवळच्या एका शाम्पूच्या कारखान्यात केली. काम काय, तर फेस मोजणं. काचेच्या उंच नळीत शाम्पू आणि पाणी हलवायचं, फेस किती चढला ते लिहायचं, पाच मिनिटांनी किती बसला तेही लिहायचं. कधीकधी अर्ध्या डोक्याला जुना शाम्पू आणि अर्ध्याला नवा लावून बघत. डोकं तिचंच. त्या आठवड्यात ती डावीकडून एक बाई दिसे आणि उजवीकडून दुसरी.

गेल्या सप्टेंबरात वालबुर्गा ओसेनब्रिंक तालमीला एक कागद घेऊन आली. वालबुर्गा वरच्या पट्टीत गाते, आणि गाणं संपलं तरी पट्टी खाली येत नाही.

"ऐका गं! शाम्पूला ज्यानं फेस येतो ना, त्यानंच गॅरेजच्या फरशा धुतात. कॅन्सर होतो त्यानं!"

"फरशा पाण्यानंही धुतात," हिल्ट्रुड म्हणाली. "उद्यापासून कॉफी कशात करणार?"

"तू कारखान्याचीच बाजू घेणार."

"अगं, मी कधीच निवृत्त झाले. कॅन्सरचा पुरावा कुणाकडे नाही. कातडी कोरडी पडते, डोळ्यांत गेलं तर झोंबतं, एवढं खरं. म्हणून तर नीट धुऊन टाकायचं."

हे इतकं साधं होतं की कुणालाच पटलं नाही. कागदावर उपायही दिला होता: काळा पाव ज्याचा करतात ते पीठ पाण्यात कालवून केसांना चोळा.

कापणीच्या सणाला अकरा वाजता आमचं गाणं होतं. सकाळी आम्ही नऊजणी चर्चच्या स्वयंपाकघरात जमलो. गुठळ्या नकोत म्हणून वालबुर्गानं बादलीतल्या पिठावर उकळतं पाणी ओतलं. जरा निवल्यावर आम्ही ते डोक्याला थापलं. दहा मिनिटांत कळलं, झाली होती खळ. फणी शिरेना. माझी तर तिथेच अडकून राहिली.

तेवढ्यात हिल्ट्रुड आली. तिनं एकेकीकडे निरखून पाहिलं.

"कापणीचा सण आहे, कबूल. पण सगळं पीक डोक्यावर आणायचं?"

पाद्रीबाबांनी दार उघडलं आणि लगेच पुन्हा लावून घेतलं.

हिल्ट्रुड घरून शाम्पूची बाटली घेऊन आली. "आधी गार पाणी. गरम ओताल तर आणखी शिजेल." सिंकवर एकेक डोकं वाकवून तिनं आठ डोकी धुतली. नववी वालबुर्गा.

"मी अशीच गाईन."

"गा की. कबुतरं येतील ऐकायला."

वालबुर्गानं केस सोडवायला हात वर केले, आणि हिल्ट्रुडनं ते धरले. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या. मागची बाजू लालभडक.

"हे कधीपासून?"

"वसंतापासून. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दिवसातून चाळीस वेळा हात धुवावे लागतात. तिथल्या साबणातही तेच फेस आणणारं असतं. तो लावला की आग होते नुसती."

"मग हात दाखवायचेस ना बाई! कागद काय दाखवत होतीस?"

"हात बघून कोण ऐकतं? कॅन्सर म्हटलं की ऐकतात."

वालबुर्गाच्या केसांवर पाणी सोडत हिल्ट्रुड म्हणाली, "फेस किती चढतो ते मी मोजलं. हात कसे होतात ते शेजारच्या खोलीत मोजायचे. त्या खोलीत मी एकदाही गेले नाही."

आम्ही ओल्या केसांनी गायलो. तिघी मध्येच शिंकल्या.

सोमवारी हिल्ट्रुड वालबुर्गाला त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मग वृद्धाश्रमात जाऊन तिथल्या व्यवस्थापिकेशी तासभर वाद घातला आणि सौम्य, कमी फेसाचा साबण आणायला लावला. वर हातमोजे आणि मलम. नाताळच्या तालमींपर्यंत वालबुर्गाचे हात भरून आले.

"बघितलंस? माझंच खरं होतं!" तिनं सगळ्यांसमोर हात नाचवले.

"हातांपुरतं," हिल्ट्रुड म्हणाली.

"म्हणजे होतं ना?"

"हो गं बाई, होतं. आता तरी खालच्या पट्टीत बोल."