गळ्यातला बेल्ट

अदृश्य शक्ती वगैरेंची मी आजवर टिंगलच केली आहे. विष्णुपुरीला राहतो, मुलांना मेकॅनिकल शिकवतो. घरात लिंबू-मिरचीसुद्धा अण्णांनी कधी टांगू दिली नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय...

अण्णा म्हणजे आमचे वडील, सरकारी जीपचे ड्रायव्हर. आता नाहीत. मला आणि ताईला गाडी त्यांनीच शिकवली. डावीकडे बसायचे आणि आम्ही चुकलो की स्टेअरिंगला खालून एकच बोट लावायचे.

ताई कंधारकडे तलाठी आहे आणि मैदानात प्लास्टिकचे कोन मांडून होणाऱ्या कार शर्यतींची वेडी. पण खांदा मोडल्यापासून ती शर्यतीत उतरली नव्हती. लातूरच्या शर्यतीत हात चालला नाही तर गाडी विकायची, असं तिनं ठरवलेलं. म्हणून हाताला जोर पडू नये असं पॉवर स्टेअरिंग मी गाडीला बसवलं. बाई भडकल्या!

"पॉवरमधी जमीन कळत न्हाई रे. अण्णाच्या जीपमधी खडा बी हाताला लागायचा."

"आन् खांदा?"

"खांद्याचं मी बघते!"

शेवटी लातूरच्या मैदानाबाहेर पॉवरचा पंप फिरवणारा बेल्ट काढून, म्हणजे पॉवर बंद करून, तिला एक चक्कर मारू दिली. ती घामाघूम होऊन परतली. "लाव बाबा तुझा बेल्ट."

मी बेल्ट गळ्यात अडकवून पाना शोधत होतो, तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. धांदलीत बॉनेट आपटलं आणि ओरडलो, "जा, जा!"

आणि काय पळाली ताई! एकही कोन हलला नाही. मी नाचत होतो. शेजारचा चहावाला म्हणाला, "सर, गळ्यात काय घालून राहिले?"

मी गळ्याशी हात नेला. बेल्ट! म्हणजे तो लावायचाच राहिला होता. पंप बंद असला की असलं स्टेअरिंग साध्या मॅन्युअलपेक्षाही जड होतं!

ताई मात्र हसत उतरली. "भावड्या, काय बसवलंस रे! लई हलकं, आन् खडा न् खडा कळत होता!"

दोन्ही एकदम? मी गळ्यातला बेल्ट दाखवला. तिनं बॉनेट उघडून पाहिलं, मग परत बसून स्टेअरिंगचं चाक फिरवायला गेली. दोन्ही हातांनी हलेना.

"एक सांगू?" ती हळूच म्हणाली. "वळणावर खालून कुणीतरी चाक ढकलून राहिलं होतं... एकाच बोटानं."

आम्ही दोघं भर मैदानात हसत-रडत उभे.

सहकारी म्हणतात, जोशात माणसाला जड कळत नाही. असेल. मला पटत नाही. गाडी विकली नाही. पॉवर की मॅन्युअल, हे भांडणही चालूच आहे.

फक्त शर्यतीआधी ताई डावीकडच्या रिकाम्या सीटचाही पट्टा ओढून लावते. जीपमध्ये अण्णा तो कधीच लावून घ्यायचे नाहीत. आता ऐकतात.