वारा हरणाकडे होता

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करतो. बग आहे म्हणजे कारण आहे, ते सापडेपर्यंत खोदायचं, हीच माझी पंधरा वर्षांची नोकरी. भुतंखेतं, करणी वगैरे विषय निघाला की मी उठून चहा करायला जाणारा माणूस. त्यामुळे इथे लिहिताना जरा संकोच वाटतोय... पण लिहितो.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. मी कॅनडात, कनाटा नावाच्या उपनगरात राहतो आणि माझी बहीण, अक्का, दहा मिनिटांवर. तिचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, इथे वीस वर्षं आहेत. त्यांना शिकारीचा नाद. रीतसर लायसन्स, परमिट, सगळं. नोव्हेंबरात हरणांचा सीझन उघडला की लॅनार्कच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या जंगलात जायचे. गेल्या वर्षी मीही सोबत गेलो, नुसता बघायला.

दाजींचा एकच मंत्र होता — "हरणाला दिसलास तर एकदा माफी हाय, वास आला तर नाही." आठवडाभर आधी घरात लसणाची फोडणी बंद. कपडे बिनवासाच्या साबणात धुऊन घरामागच्या लाकडी डेकवर वाळवायचे, मग देवदाराच्या फांद्या घालून प्लॅस्टिकच्या खोक्यात बंद. गाडीत चहासुद्धा नाही. खिशात पावडरची छोटी बाटली. ती दाबली की पांढरा धूर उडतो आणि वारा कुठे वाहतोय ते कळतं. वारा हरणाकडून आपल्याकडे हवा.

शनिवार होता, सकाळचे नऊ-सव्वानऊ. दाजी एका मेपलला टेकून बसले होते, मी चाळीसेक पावलांवर डावीकडे. दोघांच्या अंगात नारंगी जॅकेटं. समोर दलदल. तेवढ्यात वारा फिरला. दाजींनी पावडर उडवली, ती सरळ दलदलीकडे गेली. त्यांनी मला हाताने खूण केली — संपलं, उठ.

आणि नेमकी तिथूनच मादी बाहेर आली.

आमच्याकडे फक्त नराचं परमिट होतं, म्हणून दाजी बंदूक आडवी ठेवून गप्प बसून राहिले. ती सरळ त्यांच्याकडे चालत आली. वारा तिच्या तोंडावर! वीस फूट... दहा फूट... तिने त्यांच्या गुडघ्याला नाक लावलं. मग हाताला. बोटांवरची पावडर चाटावी तसं हुंगत राहिली. एखाद्या ओंडक्याला हुंगावं तसं.

मग वारा किंचित माझ्या बाजूने वळला असावा. मी हललोही नव्हतो, पण तिने झटकन मान वर केली, माझ्याकडे बघून जोरात फुरफुरली आणि शेपटी उभारून दाजींच्या पायांवरूनच उडी मारून पळाली.

"बघितलंस? साबण भारी हाय की नाही!" दाजी हसले. मी म्हटलं, "दाजी, साबण तर मीही तोच लावलाय." ते बंदूक उचलून गाडीकडे चालू लागले. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "अक्काला सांगू नको."

सांगायची वेळच आली नाही. त्यांची चिकू, चौदा वर्षांची लॅब्रडॉर — डोळ्यांत मोतीबिंदू, कानांनी ठार बहिरी. तिचं जग म्हणजे नाक. गराजचं दार उघडलं, चिकू आली, मला हुंगून शेपटी हलवली, दाजींना हुंगलं... आणि पुढे गेली. दाराशी बसून राहिली. दाजी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात तिच्या नाकाशी धरले. तिने मान बाजूला काढून पुन्हा दाराकडे वळवली.

भाची रिया जिन्यावरून बघत होती. म्हणाली, "डॅड, शी कान्ट फाइंड यू."

पुढचे काही दिवस काय नाही केलं त्यांनी! लसूण खाल्ला, ट्रेडमिलवर घाम गाळला, तीन दिवस आंघोळ केली नाही. न धुतलेला जुना स्वेटर काढला. त्याला हुंगून चिकू वेडी झाली, शेपटी आपटायला लागली. दाजींनी तो अंगात घातला. दोन दिवसांत स्वेटरचाही वास गेला. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या, सगळं नॉर्मल. मी इंटरनेट पालथं घातलं. कारण सापडेना.

एका दुपारी अक्का माझ्याकडे आली. कोट न काढताच बसली. "ह्यांच्या उशीला वास येत नाही रे. चोवीस वर्षांचा संसार... दुकानातनं आणलेली उशी वाटते. मी काय विचारू त्यांना?" मी तिच्यासाठी चहा ठेवला.

फेब्रुवारीत चिकूचे मागचे पाय गेले. तिला कायमचं शांत करायला नेलं तेव्हा दाजींनी तिला मांडीवर घेतलं होतं, मी शेजारी. डॉक्टरने इंजेक्शन भरलं. चिकूने मान कष्टाने उचलली आणि नाक दाराकडे केलं. हुंगत राहिली. दाजी तिच्या कानाशी वाकून म्हणत होते, "अगं मी हाय की... हितंच हाय." तिला ऐकू येत नव्हतं. शेवटपर्यंत नाक दाराकडेच होतं.

गाडीत दाजी म्हणाले, "तिला वाटलं असेल, मी आलोच नाही."

दाजींनी आता बंदूक विकलीय. तब्येत ठणठणीत, ऑफिसला जातात, जेवतात, झोपतात. काय झालं, का झालं — मला आजही सांगता येत नाही, तुमच्यापैकी कुणाला असं काही माहीत असेल तर जरूर कळवा. कधीतरी आम्ही दोघंच असलो की ते हळूच मनगट पुढे करतात. "तुला येतो का रे?"

मी वाकून हुंगतो आणि म्हणतो, "येतो की दाजी."

खरं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.